८१२ नळ्यांच्या घरात

कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवलेल्या एका प्राध्यापकाच्या घरी ८१२ नळ्यांचा ऑर्गन आहे. ऑर्गन म्हटले की आपल्या कानांत नाट्यपदांच्या साथीचा, पायाने भाता मारायचा ऑर्गन वाजू लागतो. हा तो नव्हे. नाट्यसंगीताच्या ऑर्गनमध्ये आणि पेटीत धातूच्या पातळ पट्ट्या थरथरतात. पाइप ऑर्गनमध्ये हवेच्या दाबावर उभ्या नळ्या बोलतात आणि प्रत्येक सुराला आपापली नळी लागते. एका जातीच्या नळ्यांची एक रांग, अशा १६ रांगा या घरात आहेत. वादक दोन्ही हातांनी वाजवतो आणि त्याच वेळी दोन्ही पायांनी खालच्या पट्ट्यांवर खर्ज धरतो. असे वाद्य एरवी मोठ्या चर्चमध्ये असते. मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये ते आहे. घरात त्याला जागा द्यायची म्हणजे कुटुंबाने त्याला घरातलेच एक माणूस मानावे लागते.

हे घर डोनाल्ड आणि जिल कनूथ यांचे. संगणकशास्त्र शिकलेल्या कोणालाही कनूथ कोण हे सांगावे लागत नाही. ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९६८ साली आला आणि ग्रंथ अजून पुरा व्हायचा आहे. १९७४ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. हे सगळे पाठ्यपुस्तकांत सापडते. ते आणि त्यांचे वडील लुथरन मंडळ्यांमध्ये ऑर्गनवादक होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. जुन्या, मोडीत निघालेल्या यंत्रांवर आणि ती यंत्रे चालवणाऱ्या जुन्या प्रोग्रामवर या माणसाचा जन्मभर जीव आहे, हेही पाठ्यपुस्तकात येत नाही. त्यांची व्याख्याने, मुलाखती, प्रस्तावना वाचताना मला त्यांच्या गणितापेक्षा या गोष्टींनी अधिक धरून ठेवले. संसार, मंडळीतले संगीत आणि जुन्या संगणकांची ओढ या तिन्हींना एकाच आयुष्यात जागा कशी मिळाली?

अशा माणसाबद्दल बोलताना आपण पटकन ‘तारेवरची कसरत’ म्हणतो. कनूथ यांच्या बाबतीत मला हा शब्दप्रयोग पटत नाही. त्यांनी तोल सांभाळण्याचा प्रयत्न केलेला दिसतच नाही. त्यांनी एक काम हाती घेतले, ते तळापर्यंत नेले, आणि तोवर बाकीची कामे दाराबाहेर ताटकळत ठेवली. ही सवय त्यांना एका जुन्या यंत्रापाशी लागली असे माझे मत आहे. आणि या सवयीचा भार त्यांच्या एकट्यावर पडला नाही.

डोनाल्ड कनूथ यांचा जन्म १० जानेवारी १९३८ चा, विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी शहरातला. वडील अर्विन लुथरन शाळेत शिकवत, लहानसा छपाईचा व्यवसाय चालवत आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. मुलाच्या पुढच्या आयुष्यातल्या तीन गोष्टी, अध्यापन, अक्षरजुळणी आणि ऑर्गन, वडिलांच्या घरात आधीच नांदत होत्या. डोनाल्ड आठवीत असताना एका मिठाईच्या कंपनीने स्पर्धा ठेवली होती: आमच्या चॉकलेटच्या नावातल्या अक्षरांपासून किती शब्द होतात ते सांगा. या मुलाने पोट दुखते म्हणून घरी बसून घेतले, मोठा शब्दकोश उघडला आणि दोन आठवडे दुसरे काही केले नाही. परीक्षकांच्या यादीत सुमारे २,५०० शब्द होते, याचे झाले ४,५०० च्या वर. शाळेला दूरचित्रवाणी संच मिळाला, वर्गाला चॉकलेटे. पुढे जे सत्तर वर्षे चालले ते त्या दोन आठवड्यांत पुरते दिसते.

शाळा संपताना प्रश्न होता संगीत शिकायचे की पदार्थविज्ञान. त्यांनी पदार्थविज्ञान घेतले आणि १९५६ साली क्लीव्हलँडच्या केस इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये दाखल झाले. तिथे त्यांना आयबीएम ६५० भेटला.

या यंत्रापाशी थोडे थांबायला हवे, कारण आजचा संगणक वापरणाऱ्याला त्याची कल्पना येणे कठीण आहे. १९५४ पासून बाजारात आलेले हे यंत्र त्या काळाच्या मानाने प्रचंड खपले, जवळजवळ दोन हजार नग बनले. (आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला टिफ्रॅक संगणक त्याच सुमारास आकाराला येत होता.) ६५० ची स्मृती म्हणजे एक फिरता ड्रम. मिनिटाला १२,५०० फेरे. त्यावर २,००० जागा, आणि प्रत्येक जागेत दहा अंक आणि एक चिन्ह मावे. यंत्राला द्यायची प्रत्येक आज्ञाही दहा अंकीच: पहिले दोन अंक काय करायचे ते सांगत, पुढचे चार माहिती कुठे आहे ते, आणि शेवटचे चार यानंतरची आज्ञा कुठे मिळेल ते. ही शेवटच्या चार अंकांची सोय फार महत्त्वाची होती. ड्रम कोणासाठी थांबत नसे. चालू आज्ञा पुरी व्हायला लागणाऱ्या वेळात ड्रम जिथवर फिरेल, नेमक्या त्याच जागी पुढची आज्ञा मांडून ठेवली तर काम सरसर होई. जत्रेतल्या फिरत्या पाळण्यासारखे होते ते, आपली बैठक समोरून निघून गेली की पुढच्या फेरीपर्यंत उभे राहायचे. एक फेरी ४.८ मिलिसेकंदांची. आकडा क्षुल्लक वाटतो, पण हजारो आज्ञांच्या प्रोग्राममध्ये अशा हुकलेल्या फेऱ्या साठत जात आणि मिनिटांचे काम लांबत जाई. चांगला प्रोग्रामर आज्ञा नुसत्या लिहीत नसे, ड्रमवर त्या कुठे कुठे बसवायच्या तेही ठरवत असे.

पायांनी खर्जाच्या पट्ट्या शोधणाऱ्या ऑर्गनवादकाला हे यंत्र परके वाटले नसेल. दोन्हीकडे पुढचा स्वर येण्याआधीच पाऊल त्याच्या वाटेवर हवे. मोठ्या चर्चमध्ये नळ्या दूर उंचावर असतात, नाद कानाशी यायला क्षणभर लागतो, आणि वादकाला आपल्याच आवाजाच्या थोडे पुढे राहून वाजवावे लागते.

केसमध्ये विद्यार्थ्यांना यंत्राला हात लावू देत, हे त्या काळी सर्रास नव्हते. कनूथ संध्याकाळी आणि रात्री त्यापाशी बसत. यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेतले नमुन्याचे प्रोग्राम वाचून आपण याहून चांगले लिहू शकतो असे त्यांना वाटले, आणि तिथून सगळे सुरू झाले. कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचे व्यवस्थापन त्यांच्याकडे होते. प्रत्येक खेळाडूचा सामन्यातला खरा वाटा मोजणारे सूत्र त्यांनी बसवले आणि ६५० वर चालवले. ‘न्यूजवीक’ साप्ताहिकाने त्याची दखल घेतली. पण या यंत्राचे त्यांच्यावरचे ऋण अशा बातम्यांत मोजता येत नाही. १९६८ साली पहिला खंड छापून आला तेव्हा त्यांनी तो कोणा गुरूला किंवा आप्ताला अर्पण केला नाही. केसमधल्या त्या ६५० ला केला, त्याच्यासोबत घालवलेल्या आनंदाच्या संध्याकाळींची आठवण म्हणून. ग्रंथात उदाहरणांसाठी त्यांनी मिक्स नावाचा एक काल्पनिक संगणक रचला आणि त्याला १००९ हा क्रमांक दिला. तो आला कुठून? तेव्हाच्या सोळा खऱ्या यंत्रांच्या क्रमांकांची सरासरी काढून. त्या सोळांत ६५० आहेच.

२४ जून १९६१ रोजी त्यांचे जिल कार्टर यांच्याशी लग्न झाले. मधुचंद्राला जाताना त्यांनी भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांचे ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ सोबत नेले होते, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. सहा-सात महिन्यांत प्रकाशकाकडून एका पुस्तकाची विचारणा झाली आणि त्यांनी बारा प्रकरणांचा आराखडा केला. १९६५ पर्यंत हाताने लिहिलेली सुमारे तीन हजार पाने तयार झाली होती. त्याच वर्षी मुलगा जॉन जन्मला, पुढच्या वर्षी मुलगी जेनिफर. घरात दोन तान्ही मुले, टेबलावर तीन हजार पाने, शिवाय शिकवणे आणि संशोधन. १९६७ साली अल्सरमधून रक्तस्राव होऊन त्यांना रुग्णालय गाठावे लागले. वय होते एकोणतीस. त्यांच्या संशोधनातल्या दोन मोठ्या कल्पना याच वर्षाच्या आहेत, आणि चरित्रात या वर्षाचे वर्णन भरभराटीचे म्हणून होते. मला ते वर्ष धोक्याच्या घंटेसारखे वाटते. सगळे एकाच वेळी करू पाहिले ते हे एक वर्ष, आणि शरीराने ते मान्य केले नाही.

त्यानंतरची त्यांची कामाची रीत वेगळी दिसते. ओस्लोचा प्रसंग पाहा. १९७२-७३ मध्ये हे कुटुंब वर्षभर नॉर्वेत होते. एका रात्री कनूथ यांना जाग आली आणि गणिती जॉन कॉनवे यांनी पूर्वी जेवणाच्या टेबलावर सांगितलेल्या संख्यांच्या एका नव्या कल्पनेवर गोष्टीच्या रूपात पुस्तक लिहायचे मनात आले. त्यांनी जिलना उठवून सांगितले. कनूथ यांनी घराजवळ कोपरा शोधला नाही, रोज दोन तास काढायचे असेही ठरवले नाही. जानेवारी १९७३ मध्ये शहराच्या मध्यभागी हॉटेलात खोली घेतली आणि आठवडाभर तिथेच राहिले. सहा दिवसांत पुस्तक झाले, सातव्या दिवशी विश्रांती. उत्पत्तीच्या पुस्तकातला हा हिशेब त्यांनी आनंदाने सांगितला आहे. जिल मधूनमधून भेटायला येत. या आठवड्यात दोन लहान मुलांना परक्या देशात, भर हिवाळ्यात कोण सांभाळत होते हे सांगायची गरज नाही. पुस्तकाचे नाव ‘सररियल नंबर्स’. त्यात एक तरुण जोडपे एकांत समुद्रकिनाऱ्यावर मिळून गणित शोधते. दोघे मिळून.

१९७७ साली ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीचे कच्चे छापील कागद हाती आले. जुन्या शिशाच्या अक्षरांची जागा फोटोजुळणीने घेतली होती आणि अक्षरे इतकी बेढब दिसत होती की कनूथ यांना ती पाहवेनात. मिलवॉकीच्या छपाईवाल्याचा मुलगा शेवटी. त्यांनी ग्रंथ बाजूला ठेवला आणि अक्षरजुळणीचा स्वतःचा प्रोग्राम लिहायला घेतला. वर्षभरात उरकेल असा अंदाज होता, गेली जवळजवळ दहा वर्षे. त्यातून टेक् निघाले आणि अक्षरांचे आकार गणिताने काढणारे मेटाफाँट. त्या काळातली घरातली एक गोष्ट मला फार आवडते. रोमन एस या अक्षराने त्यांना जेरीस आणले होते. मधल्या वळणाचे गणित जुळेना. अखेर जिलनी आकृती पाहून सुचवले, एसचा आकार एससारखाच का करत नाहीस? पुढे त्या एका अक्षरावर त्यांचा स्वतंत्र लेख आहे.

मराठी वाचकाचा या दहा वर्षांशी थेट संबंध आहे. नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या फ्रान्स वेल्टहाउस यांनी मेटाफाँट वापरून देवनागरी टंक घडवला आणि १९९१ मध्ये तो सर्वांना दिला. गणिताची सूत्रे आणि मराठी मजकूर एकाच पानावर नीट बसवणे त्यामुळे घरच्या संगणकावर शक्य झाले.

या सगळ्यात चर्च कुठे होते? तिथेही कनूथ यांची रीत तीच. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या मंडळीत शास्त्राभ्यासाचा वर्ग घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी संख्याशास्त्रज्ञाची वाट धरली. प्रचंड मोठ्या गोष्टीचा अंदाज नमुन्यावरून घेतात, तसा त्यांनी बायबलमधल्या प्रत्येक पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातले सोळावे वचन निवडायचे ठरवले. योहानाच्या शुभवर्तमानातले ३:१६ सगळ्यांना पाठ असते, बाकीच्या पुस्तकांत त्या जागी काय आहे? तिसरा अध्याय सोळा वचनांचा नसेल तर मोजणी चौथ्यात न्यायची. सहासष्ट पुस्तकांपैकी सहांना तिसरा अध्यायच नाही: हाग्गय, ओबद्या, फिलेमोनाला पत्र, योहानाची दुसरी आणि तिसरी पत्रे, आणि यहूदाचे पत्र. तीताला लिहिलेले पत्र तिसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या वचनाला संपते, तेही गळाले. उरली ५९. पुढे १९८५ साली मिळालेली रजा त्यांनी बॉस्टनच्या ग्रंथालयांत या ५९ वचनांवरची भाष्ये वाचण्यात घालवली. अक्षररचनाकार हेरमान झाप्फ यांनी जगभरच्या सुलेखनकारांकडून प्रत्येक वचन लिहवून घेतले आणि १९९१ मध्ये ‘३:१६ बायबल टेक्स्ट्स इल्युमिनेटेड’ हे देखणे पुस्तक निघाले. रविवारच्या वर्गासाठी काढलेली युक्ती, आणि तिला दिलेला वेळ एखाद्या शोधप्रबंधाचा.

मंडळीच्या सेवेत जिल यांचा वाटा स्वतंत्र आहे, तो पतीच्या नावाखाली झाकू नये. त्या कलावंत आहेत. उपासनेच्या ऋतूंप्रमाणे चर्चमध्ये लावायच्या कापडी पताका त्या करत आल्या आणि त्यावर ‘बॅनर्स विदाउट वर्ड्स’ हे त्यांचे पुस्तक १९८६ साली प्रसिद्ध झाले. चर्चमधल्या पताकेवर बहुधा वचन शिवलेले असते. जिल रंग आणि आकारांवरच भिस्त ठेवतात. घरातल्या एकाच्या ध्यासापायी दुसऱ्याने काय वाहिले हे मराठी वाचकाने लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचले आहे. रेव्हरंड टिळकांची भजने मराठी मंडळ्या आजही गातात, आणि ती गाणाऱ्याला लक्ष्मीबाईंचे पुस्तक वाचल्यावर टिळक अधिक खरे वाटतात. जिल कनूथ यांनी तसे आत्मचरित्र लिहिलेले नाही. डोनाल्ड यांच्या मुलाखतींतून त्या दिसतात त्या कडेने: रात्री जागी झालेली, हॉटेलवर भेटायला येणारी, अक्षराकडे एकदा पाहून अचूक बोलणारी. मला तेवढ्याने समाधान होत नाही. डोनाल्ड यांची एकतानता मोठी खरीच, पण दोन मुलांच्या घरात एकाला एकतान व्हायचे असेल तर दुसऱ्याला दहा ठिकाणी लक्ष ठेवावे लागते. ते लक्ष ठेवता ठेवता जिलनी स्वतःची कला चालू ठेवली आणि पुस्तकापर्यंत नेली. या घरातली तोल सांभाळण्याची कला कोणाकडे होती असे मला विचाराल, तर मी त्यांचे नाव घेईन.

१ जानेवारी १९९० पासून कनूथ यांनी ईमेल बंद केली. १९७५ च्या सुमारापासून ते ती वापरत होते, म्हणजे बहुतेकांनी ईमेल हे नाव ऐकण्याआधी त्यांची पंधरा वर्षे वापरून झाली होती. तेव्हापासून पत्र पाठवायचे ते टपालाने. आलेली पत्रे साचू द्यायची आणि काही महिन्यांनी गठ्ठा काढून एका बैठकीत निकालात काढायची. जुन्या यंत्रात जशी आज्ञांच्या कार्डांची चळत एकदम घालत, तशी. १९९३ साली, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी प्राध्यापकीही सोडली. हे प्रत्येकाला जमणारे नाही. विद्यापीठाचे पाठबळ आणि पत्रे चाळायला सचिव असल्याशिवाय दार असे लावून घेता येत नाही. गुरुवारी गायनवृंदाचा सराव, शुक्रवारी मुलाची परीक्षा, आणि टेबलावर महिनाभर उघडा पडलेला जुना संगणक अशी ज्याची स्थिती आहे, त्याला तुकड्या-तुकड्यांनीच जगावे लागते, आणि त्या तुकड्यांत केलेले कामही कमी मोलाचे नसते.

मिळालेल्या वेळाचा त्यांनी कसा उपयोग केला हे पाहताना जुन्या यंत्रांची ओढ पुन्हा पुन्हा वर येते. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ साली एडव्हॅक या तेव्हा अस्तित्वातही नसलेल्या यंत्रासाठी क्रम लावण्याचा प्रोग्राम लिहिला होता. कनूथ यांनी १९७० मध्ये तो ओळीओळीने उलगडून दाखवला. १९७२ मध्ये ते आणखी मागे गेले, बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवरील आकडेमोडीच्या रीतींपर्यंत. १९८६ साली त्यांनी ६५० वर कृतज्ञतेचा लेख लिहिला. आणि १९९८ मध्ये ‘ॲडव्हेंचर’ हा जुना खेळ हाती घेतला. हा खेळ मुळात विल क्राउदर यांचा. गुहा धुंडाळण्याचा नाद असलेल्या या प्रोग्रामरने केंटकीतल्या मॅमथ गुहेच्या आधारे तो लिहिला, घटस्फोटानंतर दुरावलेल्या दोन मुलींना बाबांसोबत काही खेळता यावे म्हणून. स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स यांनी १९७७ मध्ये तो वाढवला. कनूथ यांनी तो माणसाला पुस्तकासारखा वाचता येईल असा नव्याने मांडला. धूळ खात पडलेल्या प्रोग्राममागेही एखाद्या घराची गोष्ट असते, आणि प्रोग्राम वाचता येईनासा झाला की ती गोष्टही जाते.

म्हणूनच २०१४ च्या मे महिन्यात स्टॅनफर्डमध्ये त्यांनी दिलेले व्याख्यान मला कळकळीचे वाटते. ती व्याख्यानमाला थॉमस कायलथ यांच्या नावाची. कायलथ जन्माने पुण्याचे, सेंट व्हिन्सेंट शाळेचे आणि पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. संगणकाच्या इतिहासकारांनी यंत्राच्या आत काय चालते हे लिहिणे सोडून दिले आणि कंपन्या, बाजार, समाज यांवरच लिहू लागले, असा निष्कर्ष मांडणारा एक लेख वाचून आपल्याला रडू आले, हे कनूथ यांनी त्या सभेत सांगितले. वय होते शहात्तर. ड्रमवर आज्ञा कुठे बसवायची याची जी हातोटी त्यांनी एकोणिसाव्या वर्षी कमावली, ती पुढच्या पिढीला नुसती ‘एक जुने यंत्र’ या दोन-तीन शब्दांत पोहोचावी हे त्यांना सहन झाले नाही. मलाही होत नाही. पेटीचे भाते बदलणारे, सूर लावणारे कारागीर आपल्याकडेही कमी होत चालले आहेत. वाद्य संग्रहालयात राहते, पण ते बोलते कसे ठेवायचे हे माहीत असणारा माणूस गेला की गेला.

या सगळ्या वर्षांत ऑर्गन घरात वाजत होता, आणि एक मोठी रचना करायची इच्छा मनात राहून गेली होती. बायबलचे शेवटचे पुस्तक, प्रकटीकरण, बावीस अध्याय. कनूथ यांनी ग्रीक मूळ समोर ठेवून त्याचे वचनागणिक स्वरांत रूपांतर केले, एकेका कल्पनेला एकेक स्वरवाक्य नेमून दिले आणि ती कल्पना पुन्हा आली की तेच स्वर पुन्हा आणले. ‘फँटासिया अपोकॅलिप्टिका’ असे या रचनेचे नाव. १० जानेवारी २०१८ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, स्वीडनच्या उत्तरेकडील पितेओ गावात यान ओव्हरडाइन यांनी ती पहिल्यांदा वाजवली. ग्रीक मजकूर, स्वरलिपी आणि चित्रे पडद्यांवर सोबत सरकत होती. त्या दिवसांत तिथे जगभरचे गणिती आणि संगणकशास्त्रज्ञ त्यांच्या सन्मानार्थ परिषदेला जमले होते, आणि परिषदेचा दिवस ऑर्गनच्या सभागृहात संपला. ग्रंथाची वाट पाहणारे वाचक गेली कित्येक वर्षे विचारतात, हा वेळ पुढच्या खंडांना का दिला नाही? मी त्यांच्या बाजूचा नाही. मिलवॉकीतल्या मुलाने एकदा संगीत बाजूला ठेवून विज्ञान निवडले होते; बाजूला ठेवलेल्या त्या गोष्टीकडे परत जायला त्याला पुरता वेळ मिळाला याचा मला आनंद आहे.

रचना झाली आणि ते पुन्हा ग्रंथाकडे वळले. २०२२ साली ४-ब हा खंड आला, तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. त्यानंतर ४-क चे काम सुरू आहे, आणि ग्रंथात चूक दाखवणाऱ्याला दोन डॉलर छप्पन्न सेंटचे बक्षीस अजून मिळते. चूक मात्र पत्रांच्या गठ्ठ्यात आपली पाळी येईपर्यंत थांबते.